टाकलेला ढोल आणि शिकलेला तबला

मागे या सदरात आम्ही यमन रागाविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आले आहे. वरती क्रांतिकारी जयभीम घालून त्यांनी सरळच विचारले आहे की, बापजाद्यांनी वाजवणे सोडले म्हणून आपण माणसांत आलो, आता तुम्ही आपल्या पोरांना पुन्हा वाजवायला बसवता काय? शिवाय रागदारी म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, ते त्यांना लखलाभ असो, असेही खाली लिहिले आहे.

पत्र रागाने लिहिले आहे, पण खोटे लिहिलेले नाही. त्यातल्या पहिल्या वाक्याशी तर आम्ही पूर्ण सहमत आहोत. म्हणून आधी त्याचीच हकीगत सांगतो.

आमचे मूळ गाव कोकणात. आमचे आजोबा शिमग्याच्या पालखीपुढे ढोल वाजवत. पालखी देवळातून निघायची आणि देवळात जायची. आजोबा पायरीपर्यंत जायचे आणि तिथेच उभे राहायचे. लग्नात वाजवायचे ते मांडवाबाहेर, आणि जेवायचे सगळ्यांच्या मागून, पत्रावळीवर जे येईल ते. अंगात ताप असो, घरात मयत असो, गावकीचे बोलावणे आले की ढोल गळ्यात अडकवून जावेच लागे. मोबदला म्हणजे सुगीला पायलीभर भात आणि एखादा नारळ, तोही वरून टाकलेला. वाजवणारा कलावंत आहे असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. ते जातीचे काम होते, जसे मेलेले ढोर ओढण्याचे होते.

१९२७ साली महाड झाले. चवदार तळ्याच्या पाण्याची गोष्ट आपल्याला शाळकरी पोरेसुद्धा सांगतात, पण त्या परिषदेने मृत मांस सोडा, स्वाभिमानाने राहा, हेही सांगितले होते. ते वारे आमच्या गावापर्यंत पोचायला वेळ लागला, पण पोचले. आजोबांनी ज्या वर्षी ढोल गळ्यात घालायला नकार दिला, त्या वर्षी आमच्या वाडीला रानातले लाकूड बंद झाले, वाण्याने मीठ देईना. तरी कुणी मागे फिरले नाही. पुढे १९५६ ला दीक्षा झाली, १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले, आणि गावकीच्या कामाचा उरलासुरला धागाही तुटला. ढोल माळ्यावर गेला. त्याचे चामडे उंदरांनी खाल्ले, खोड आजीने चुलीत घातले. त्या दिवशी आजी रडली नाही, असे आमचे वडील सांगत.

तेव्हा पत्रलेखक दादांना आमचे सांगणे असे की, ढोल टाकला हे शंभर टक्के बरोबर झाले. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आजोबांनी टाकला तो हुकूम. त्याच्याबरोबर आजोबांचा कानही गेला, तो टाकायचा नव्हता. पावसात चामडे किती सैल झाले हे त्यांना बोटाच्या एका टिचकीत कळे, ढोल शेकोटीजवळ किती वेळ धरायचा हे कुणी शिकवले नव्हते. ती विद्या होती. त्यांच्या मुलाला ती मिळाली नाही, नातवाला तर नाहीच.

आणि समाजाने ताल कायमचा सोडला, असेही नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले, तेव्हा तीच ढोलकी, तेच तुणतुणे पुन्हा हातात आले. पण आता कुणी हुकूम सोडलेला नव्हता. वाजवणारा मधोमध उभा होता आणि गाव त्याचे ऐकत बसले होते. पुढे वामनदादा कर्डक आले, विठ्ठल उमप आले, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज तर रिक्षापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे पोचला. उमपांचे देहावसान २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या वेळीच झाले, हे वाचकांना आठवत असेल. ज्याने कधी शाहिराचा चढा सूर जवळून ऐकला आहे, त्याला गळ्याची मेहनत काय असते हे आम्ही सांगायला नको.

मग रागदारीच तेवढी परकी का वाटते? आमच्या मते याचे कारण कानात नाही, दारात आहे.

आमचे वडील गिरणीत होते. गिरणीत सगळ्यांत जास्त पगार विणकाम खात्यात, आणि त्या खात्यात आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा दुसऱ्याने कसा तोंडात घ्यावा! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. वडील त्यानंतर पुष्कळ वर्षांनी कामाला लागले, तरी त्यांच्या गिरणीत आपली माणसे कताईच्या खात्यातच जास्त दिसत. आता कुणी म्हणावे की आपल्या लोकांना विणायची आवडच नव्हती! रागदारीचे तसेच आहे. गुरूच्या घरी राहून शिकायचे, तर त्या घरात प्रवेश पाहिजे. मैफलीला बसायचे, तर ती मैफल ज्यांच्या दिवाणखान्यात आहे त्यांची ओळख पाहिजे. दार बंद ठेवायचे आणि वर म्हणायचे, यांना गोडीच नाही.

आम्ही स्वतः रेल्वेत कॅरेज आणि वॅगन विभागात फिटर म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. आमच्या उमेदीच्या काळात यार्डात गाडी लागली की हातात लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर टोला मारत जायचे. चाक धड असेल तर खणखणीत नाद निघतो आणि थोडा वेळ टिकतो. चाकाला तडा असेल तर बद्द आवाज येतो आणि जागीच मरतो. रात्री अडीच वाजता, पावसात, शेजारच्या लाइनीवर इंजिन धापा टाकत असताना तो फरक ऐकू यावा लागतो. चुकलात तर सकाळच्या गाडीतल्या शेकडो माणसांच्या जिवाशी गाठ. आमच्या मुकादमाने आम्हाला पहिले सहा महिने हातोडी हातात दिली नाही, नुसते मागे चालून ऐकायला लावले. पुढे एका तबल्याच्या दुकानात कारागिराला आम्ही काम करताना पाहिले. डाव्या हाताने तबला फिरवतोय, उजव्या हाताने गजऱ्यावर हातोडी मारतोय, आणि मान तिरपी करून ऐकतोय. आम्ही तिथेच थबकलो. अहो, हे तर आमचेच काम!

त्या कारागिरापाशी आम्ही नंतर बरेच रविवार जाऊन बसलो. तबल्याची पुडी बकरीच्या चामड्याची. तिच्या कडेला चाट, चाट आणि शाई यांच्या मध्ये लव, आणि मधोमध काळी शाई. ही शाई म्हणजे रंग नव्हे. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक देत, दगडाने घोटत ती बसवतात. थर जाड झाला की सूर बसतो, पातळ राहिला की वाजतच नाही. चामड्याच्या वादीत लाकडी गठ्ठे अडकवलेले असतात, ते वरखाली ठोकून सूर चढवायचा-उतरवायचा. हे सगळे करणाऱ्याचे नाव मैफलीच्या पत्रिकेवर कधी छापलेले आम्ही पाहिले नाही. वाजवणाऱ्याचे असते, ते असावेच. पण बकरीचे कातडे सोलणारा, कमावणारा, तासणारा, शाई भरणारा, हे हात कुणाचे?

हा प्रश्न दक्षिणेत एका गवयानेच विचारला आहे. कर्नाटक संगीतातले नामवंत गायक टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. तंजावरकडचे हे कारागीर, त्यांतले पुष्कळसे दलित ख्रिस्ती. फणसाच्या लाकडाचे खोड आणि त्यावर गाय, म्हैस, बकरी यांची कातडी. पालघाट मणी अय्यर यांच्यासारख्या महान मृदंगवादकाच्या नादामागे पर्लांडू नावाच्या कारागिराचे हात होते, हे त्या पुस्तकामुळे सगळ्यांपुढे आले. २०२० साली पुस्तकाचे प्रकाशन चेन्नईच्या कलाक्षेत्रात व्हायचे ठरले होते, पण संस्थेने ऐन वेळी जागा नाकारली आणि कार्यक्रम दुसरीकडे घ्यावा लागला. गाईच्या कातड्याचा नाद देवळात चालतो, मात्र कातड्याचे नाव काढलेले चालत नाही. याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

आपल्याकडे मिरजेत तंबोरे आणि सतारी बनतात. तिथले मूळचे कारागीर शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपल्यावर फरीदसाहेबांसारख्यांनी वाद्यांचे काम सुरू केले, आणि आज त्या गावाची सतार आणि तंबोरा दूरदूर जातो. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे भोपळे येतात पंढरपूरकडच्या शेतांतून. शेतकरी, सुतार, शिकलगार, चर्मकार एवढ्यांच्या हातांतून वाद्य तयार होते, तेव्हा कुठे गवई गादीवर बसतो. पोट भरलेल्यांचे चोचले म्हणताना ही माणसेही मोजली पाहिजेत.

गाणाऱ्यांचेही तेच. ज्या जयपूर गायकीचा आज एवढा मान आहे, ती महाराष्ट्रात रुजवली उस्ताद अल्लादिया खाँनी, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात. ती पुढे नेली केरीच्या केसरबाईंनी आणि कुर्डीच्या मोगूबाईंनी. या दोघी गोव्याच्या कलावंत घराण्यांतल्या. देवळाच्या सेवेला बांधलेला समाज, जन्माने गाणे-नाचणे लादलेले आणि त्याबरोबर बदनामीही. मोगूबाईंना मैफलीसाठी बोलावणारे लोक कसे वागवत, कुठे उतरवत, हे किशोरीताई आमोणकरांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. त्या समाजाने देवळाची बांधिलकी तोडली, मुली शाळेत घातल्या, गोमंतक मराठा समाज असे नाव घेतले. त्यांनी हुकूम टाकला आणि गाणे ठेवले. आपण हुकूम टाकला आणि त्याच झटक्यात वाजवणेही टाकले. आपल्याला ते टाकावेच लागले, कारण केसरबाईंच्या गाण्याला निदान राजेरजवाडे दाद तरी देत, आमच्या आजोबांच्या ढोलाला कुणी दाद दिली? पण एकदा टाकलेले सवडीने, आपल्या मर्जीने उचलता येते, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

आता घरातली गोष्ट. आमची नात नववीत आहे आणि दोन वर्षे गाणे शिकते. पहिल्या दिवशी तिथे आधी नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, मग गावातली वाडी. मुलगी हुशार, तिने वाडीचे नाव ठणकावून सांगितले आणि फी पुढे ठेवली. पुढे काही त्रास झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. गाण्याच्या बाई मन लावून शिकवतात.

खरी अडचण घरी झाली. पोरगी भूपातली बंदिश घेऊन आली, त्यात कान्हा, त्यात यमुनेचा काठ. आमच्या मंडळी कडाडल्या, "भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावल्यात, आणि त्यांच्याखाली बसून कान्हा कान्हा काय करतेस गं?" पोरगी रडकुंडीला आली. म्हणाली, "आजी, मी पूजा कुठे करते? मी स्वर लावते." आजी म्हणाली, "तोंडातून नाव कुणाचं निघतंय?"

वाचकहो, यात आजी चूक आणि नात बरोबर असे आम्ही म्हणणार नाही. ज्या बाईने आपल्या हाताने घरातले देव्हारे काढले, तिला शब्दाची किंमत नातीपेक्षा जास्त ठाऊक आहे. पण किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे आम्ही तिला सांगितले. पाच वेळची नमाज पढणारा माणूस, पण कृष्णाच्या ठुमऱ्या आणि मराठी पदेही गायचा. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत प्रकृती बिघडली, म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर सतरंजी अंथरली, तंबोरा लावायला सांगितले, प्रार्थनेचे सूर लावले आणि तिथेच देह ठेवला. दरबारी गात होते असे सांगतात. त्यांची कबर मिरजेला दर्ग्यात आहे. रेल्वेवाले असल्यामुळे ही हकीगत आमच्या विशेष जिव्हाळ्याची. रात्री सामसूम फलाटावर ड्यूटी करताना ती कितीदा आठवली असेल.

मंडळी एवढ्यावर ऐकणाऱ्या नव्हेत. शेवटी नातीने बाईंनाच विचारले. त्यांनी तिला त्याच रागातला तराणा दिला, त्यात देवाचे नाव नाही, नुसते दिर दिर तोम असे बोल. आणि मल्हारातली पावसाच्या वर्णनाची एक बंदिश. कुमार गंधर्वांनी गायलेले कबीर तर आम्हीच तिला ऐकवतो. क्षयाच्या आजाराने ते देवासला राहायला गेले, काही वर्षे गाणे बंद, अंथरुणाला खिळलेले. त्या काळात दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची आणि माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी त्यांनी ऐकली, आणि त्यातून पुढे त्यांची निर्गुणी भजने उभी राहिली. कबीर म्हणजे बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी एक. त्याच माळव्यात बलाई समाजातले प्रह्लादसिंह टिपानिया हे शाळामास्तर तंबूर घेऊन तोच कबीर गावागावांत गातात, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आमच्या घरी दोन्ही वाजतात. मंडळींना टिपानिया जास्त आवडतात. कुमारांचे 'फार वळणावळणाचे' वाटते म्हणतात.

आमचा स्वतःचा कान मात्र रेडिओने तयार केला. शनिवारी रात्री आकाशवाणीची अखिल भारतीय संगीत सभा लागायची. ड्यूटी असली तर यार्डातल्या केबिनीत ट्रान्झिस्टर बारीक करून, आणि सकाळी घरी आलो की साडेसातला विविध भारतीवर 'संगीत सरिता', चहाबरोबर. रागाचे नाव, आरोह-अवरोह, मग त्याच रागातले सिनेमाचे गाणे. तिकीट नाही, आडनाव नाही. मात्र त्याच आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षे पेटीला मज्जाव केला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. कारण सांगितले ते श्रुतींचे, म्हणजे पेटीच्या ठरावीक पट्ट्यांतून बारीक स्वर निघत नाहीत म्हणून. शास्त्र म्हणून ते ठीकही असेल. पण आपल्या भजनी मंडळात, जलशात, कव्वालीत एवढे एकच वाद्य होते, जे उसनवारीने का होईना घरी येत असे.

आणि बाबासाहेबांचे काय? एवढ्या व्यापात, आजारपणात, ते व्हायोलिन शिकत होते. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला व्हायोलिन हातात धरावेसे वाटले, गुरू करून धडे घ्यावेसे वाटले. पत्रलेखक दादांनी याचा जरूर विचार करावा.

आता ज्या घरात मुला-मुलींना शिकवायचे मनात आहे, त्यांना थोडे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा आणि पुढे विशारद. परीक्षेसाठीच गाणे शिकू नये, पण आपल्या मुलाच्या हातात कागद असलेला बरा, आपल्याकडे तोंडी मोठेपणा कुणी मानत नाही. तबला नवा घ्यायची घाई नको. जुनी जोडी घेऊन पुडी बदलून घ्या, आणि बदलताना मुलाला कारागिराच्या शेजारी बसवा. ढोलकी वाजवणारे पोर असेल तर त्याची ढोलकी काढून घेऊ नका, त्याचा हात आधीच तयार आहे, तबल्याचे बोल त्याला लवकर येतात. आणि जयंतीला डीजे लावून खिडक्यांची तावदाने हादरवण्यापेक्षा त्याच वर्गणीत विहारात दोन तबला जोड्या आणि एक पेटी येते का, याचा कमिटीने एकदा हिशेब करून पाहावा. डीजे परत जातो, पेटी राहते.

रियाजाच्या वेळेचा प्रश्न मात्र बिकट आहे. पुस्तके म्हणतात पहाटे करा. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे पाचला षड्ज लावला तर रात्रपाळीहून येऊन नुकताच आडवा झालेला शेजारी काय म्हणेल? आमच्या नातीला संध्याकाळी विहाराच्या मागची खोली मिळाली आहे, सव्वासहा ते सव्वासात, वंदनेच्या आधी. शनिवारी ती खोली धम्मवर्गाची असते. त्या दिवशी ती गच्चीवर जाते, पाण्याच्या टाकीमागे, आणि तिथे आवाज घुमतो म्हणून खूश असते.